उरलेल्या ताकदीची टिपणं

पोलिओ झालेल्यांच्या शेवटच्या पिढ्यांमधली आमची एक. मूळ विषाणूनं झालेला भारतातला शेवटचा रुग्ण १३ जानेवारी २०११ चा, हावडा जिल्ह्यातली दीड वर्षाची मुलगी. पुढं २७ मार्च २०१४ ला जागतिक आरोग्य संघटनेनं देश पोलिओमुक्त झाल्याचं जाहीर केलं. ती बातमी टीव्हीवर लागली तेव्हा मी पायातल्या कॅलिपरचे पट्टे सोडत बसले होते. मनापासून आनंद झाला.

याचा एक परिणाम असा, की तरुण डॉक्टरांनी पोलिओ फक्त पुस्तकात पाहिलाय. मध्यंतरी एका नव्या फिजिओनं माझा पाय उलटसुलट करून पाहिला आणि विचारलं, "मॅडम, लहानपणी ॲक्सिडेंट झाला होता का?" मी तिला तोच प्रश्न पुन्हा विचारायला लावला. कानाला बरं वाटलं.

*

"तापात इंजेक्शन दिलं आणि पाय गेला." आमच्या वयाच्या प्रत्येक पोलिओवाल्याच्या आईचं हे वाक्य. गाव वेगळं, साल वेगळं, वाक्य तेच. शिकलेल्या लोकांना ती अडाणी समजूत वाटायची. पण त्यात तथ्य आहे. विषाणू अंगात असताना स्नायूत सुई टोचली तर त्याच हातापायाला लकवा होण्याचा धोका वाढतो, हे डॉक्टरही मानतात. फक्त तो ताप पोलिओचा की साधा, हे गावातल्या डॉक्टरला त्या क्षणी कळायला काही मार्ग नव्हता. आणि लस सरकारी कार्यक्रमात आली ती १९७८-७९ च्या सुमाराला. तोवर आम्ही लंगडत शाळेत जायला लागलो होतो.

आमच्या आईनं ते इंजेक्शन जन्मभर स्वतःच्या नावावर मांडलं. मला बँकेत नोकरी लागली, बदली झाली, बढती मिळाली, तरी ती मधूनच म्हणायची, "त्या दिवशी तुला दवाखान्यात न्यायलाच नको होतं गं." तिच्यापुढं वैद्यकीय माहिती चालत नसे.

*

तीन डिसेंबर हा जागतिक अपंग दिन. संयुक्त राष्ट्रसंघानं तो १९९२ पासून सुरू केला. त्या दिवशी मला हमखास कुठंतरी बोलावणं असतं. व्यासपीठाला पाच पायऱ्या. मग चार धडधाकट पोरं येतात, "ताई, घाबरू नका," म्हणतात आणि मला खुर्चीसकट उचलतात. खालून टाळ्या. मी अजून एक शब्द बोललेली नसते.

एका वर्षी प्रमुख पाहुणे भाषणात म्हणाले, नियतीनं यांना काहीतरी खास कामासाठी निवडलंय. मी शेजारीच बसले होते. पोलिओचा विषाणू विष्ठेतून, घाण पाण्यातून पसरतो. आमच्या वाड्याच्या मागं उघडं गटार होतं. त्या गटाराकडं निवडीची कुठली यादी असेल असं मला वाटत नाही.

*

उताराचं गणित सोपं आहे: एक इंच उंचीला एक फूट लांबी. सात इंचाच्या तीन पायऱ्या म्हणजे एकवीस इंच, म्हणून उतार एकवीस फूट लांब हवा. आमच्याकडं बहुतेक ठिकाणी तो पाच-सहा फुटांत उरकलेला असतो. त्यावरून मोटरसायकल झकास चढते.

बसच्या तिकिटाला सवलत आहे. पायरीला नाही.

*

जिद्द. शाळेपासून मी या एका शब्दावर वाढले. कुबड्या सोडून नुसत्या कॅलिपरवर चालायला शिकले, तेव्हा गुरुजींनी सगळ्या वर्गाला उभं करून टाळ्या वाजवायला लावल्या. कॉलेज तिसऱ्या मजल्यावर. जिना चढायचा, कुणाचा हात घ्यायचा नाही, असा बाणा. बँकेत दुपारी इतर जणी डबा खाऊन पाय मोकळे करायला जात, तेव्हा मीही जायचे, मुद्दाम. कुणी "बसा तुम्ही," म्हटलं की राग यायचा.

पन्नाशीच्या अलीकडंच चांगला पाय दगा द्यायला लागला. पोलिओचा नव्हे, चांगला. रात्री मांडीत गोळे यायचे, थंडी सोसवेना, आणि दुपारी चारनंतर पेन धरायचंही जिवावर यायचं. थायरॉइड झालं, मधुमेह झाला, 'मेनोपॉज असेल' झालं. शेवटी एका वयस्कर डॉक्टरांनी नाव सांगितलं: पोस्ट-पोलिओ सिंड्रोम. पोलिओ होऊन गेल्यावर पंधरा ते चाळीस वर्षांनी पुन्हा येणारा अशक्तपणा.

त्यांनी मला कागदावर चित्र काढून समजावलं. मज्जारज्जूत स्नायूंना हुकूम देणाऱ्या पेशी असतात. पोलिओत त्यातल्या बऱ्याच मरतात आणि त्यांच्या हाताखालचे स्नायूतंतू पोरके होतात. मग वाचलेल्या पेशी नवे फाटे काढून त्या पोरक्या तंतूंना आपल्यात घेतात. भाऊ गेल्यावर त्याची पोरं आपल्या पोरांबरोबर वाढवणारा चुलता असतो ना, तसं. तीस-चाळीस वर्षं तो सगळ्यांचं करतो. पुढं थकतो, आणि एकेक पोर सुटत जातं. ज्या पायाला पोलिओ झालाच नाही असं आम्ही समजत होतो, तिथंही थोड्या पेशी मेल्याच होत्या. चुलत्यानं ते आम्हाला कळू दिलं नव्हतं.

औषध? नाही. "थकवा यायच्या आधी थांबायचं," डॉक्टर म्हणाले. "जिना टाळा, व्हीलचेअर घ्या, दुपारी आडवं व्हा. जेवढं जास्त ताणाल तेवढं लवकर जाईल."

म्हणजे ज्या गोष्टीसाठी टाळ्या वाजल्या होत्या, नेमकी तीच आता बंद. मला त्या संध्याकाळी हसू आलं की रडू, आठवत नाही. रिक्षावाल्याला मात्र मी दोनदा घराचा पत्ता चुकीचा सांगितला.

*

त्यानंतर पहिल्यांदा हिशेब मांडावा लागला. दिवसाला इतकी ताकद, त्यातून काय काय करायचं? जिद्दीच्या दिवसांत हा प्रश्नच नव्हता. सगळंच करून दाखवायचं होतं.

सोडलेल्या गोष्टी: चपात्या (बाई लावली), वरच्या मजल्यावरची हळदीकुंकवं, लग्नात पंगतीला बसणं, पायी बाजार, आणि कुणी "जमेल का?" असं विचारलं की ताडकन "जमेल" म्हणणं. शेवटचं सोडायला सगळ्यांत जड गेलं.

काय ठेवायचं ते लगेच सुचलं नाही. बरेच दिवस नुसती आडवी पडून होते. लोक म्हणतात संकटातून माणसाला जगण्याचा हेतू सापडतो. मला संकटातून आधी कंटाळा सापडला.

*

कॅलिपरबद्दल. दोन पोलादी पट्ट्या मांडीपासून बुटापर्यंत, मध्ये चामड्याचे पट्टे, गुडघ्यापाशी दोन्ही बाजूंना कडी. उभं राहिलं की कडी खाली घसरते आणि गुडघा ताठ होतो. बसताना दोन्ही कड्या बोटांनी वर ओढायच्या: खट, खट. नाट्यगृहात अंधार झाल्यावर बसायची वेळ आली की सगळी रांग मागं वळून बघते. एक कडी ओढली आणि दुसरी विसरली तर माणूस बसतही नाही आणि उभंही राहत नाही. हे मी एका केंद्रीय मंत्र्यांच्या सभेत अनुभवलंय. राष्ट्रगीत संपलं होतं, मी सोडून सगळे बसले होते. देशभक्तीबद्दल कौतुक झालं.

मिरजेला लोक तंबोरे आणि सतारी बघायला जातात. मी जायचे ते पट्टे शिवून घ्यायला. तिथले एक म्हातारे कारागीर पट्ट्याची आतली कड सहाणेवर घासल्यासारखी गुळगुळीत करून द्यायचे, कातडी सोलू नये म्हणून. पैसे विचारले की म्हणायचे, "आधी आठवडाभर चालून बघा." आताचे प्लास्टिकचे हलके, छान आहेत. घामानं आत पुरळ येतं, एवढंच.

*

फातिमा इस्माईल हे नाव आज फारसं कुणाला माहीत नाही. त्यांच्या मुलीला पोलिओ झाला. देशात त्यावर नीट उपचाराची सोय नव्हती. बाईंनी हात-पाय मारून मुलीसाठी उपचार शोधले आणि मग थांबल्या नाहीत. १९४७ मध्ये मुंबईत इतरांच्या मुलांसाठी दवाखाना काढला. पुढं त्यांना पद्मश्री मिळाली, १९५८ मध्ये. सारा देश फाळणीनं आणि स्वातंत्र्यानं ढवळून निघाला होता, त्या वर्षी ही बाई मुलांच्या पायांना गरम शेक द्यायची जागा शोधत हिंडत होती, हे मला फार आवडतं.

*

आमच्या सांगली जिल्ह्यानं दोन पॅरालिम्पिक पदकं दिलीत. पेठचे मुरलीकांत पेटकर सैन्यात मुष्टियोद्धे होते. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागल्या आणि कमरेखालचं अंग गेलं. पोहणं सुरू झालं ते उपचार म्हणून. १९७२ ला जर्मनीत हायडेलबर्गला ५० मीटर फ्रीस्टाइलमध्ये ३७.३३ सेकंद, जागतिक विक्रम आणि भारताचं पॅरालिम्पिकमधलं पहिलं सुवर्ण. पद्मश्री २०१८ मध्ये. मधली शेहेचाळीस वर्षं देशाला हे ठाऊक नसल्यासारखीच गेली. २०२४ मध्ये त्यांच्यावर सिनेमा आला तेव्हा माझ्या भाचीनं मला फोन करून सांगितलं, "मावशी, आपल्या इस्लामपूरजवळचे आहेत म्हणे!"

दुसरे आटपाडी तालुक्यातल्या करगणीचे सचिन खिलारी. शाळेत असताना सायकलवरून पडून हात गेला. पॅरिसला २०२४ मध्ये गोळाफेकीत रौप्य, १६.३२ मीटर. त्यांच्याबद्दल मला पदकापेक्षा दुसरीच गोष्ट लक्षात राहिली: इंजिनिअर झालेला हा माणूस स्पर्धा परीक्षांच्या पोरांना शिकवतो. गोळा उरलेल्या वेळात, की शिकवणं उरलेल्या वेळात, ते त्यांनाच माहीत.

*

नसीमा हुरजूक यांचं 'चाकाची खुर्ची' ज्यानं वाचलं नाही त्यानं वाचावं. कोल्हापूरची, ऐन कॉलेजच्या वयातली मुलगी, कमरेखालचं शरीर गेलेलं, अंथरुणाला खिळलेली. तिला उपदेश करणारे कमी नसणारच. फरक पडला तो बाबूकाका दिवाण भेटल्यावर. ते स्वतः व्हीलचेअरवर, आणि कामधंदा करणारे, हिंडणारे. पुढं नसीमादीदींनी नोकरी केली आणि १९८४ मध्ये 'हेल्पर्स ऑफ द हॅन्डिकॅप्ड' ही संस्था उभी केली.

मला यातलं पटतं ते हे, की आधी तिनं त्या वाटेवरून गेलेला एक माणूस डोळ्यांनी पाहिला. तो काय बोलला ते दुय्यम.

*

आगगाडीत शेजारच्या बाई: "काय हो, मागच्या जन्मीचं काही असेल का?" मी: "असेल. तुमचं तिकीट कुठवर आहे?"

*

तर ठेवलं काय? वाचणं.

ओळखीतल्या एका बाईंची पुतणी. जन्मापासून दृष्टी नाही, बी.ए. झालेली, बँकेच्या परीक्षेची तयारी करणारी. बाई म्हणाल्या, तुम्ही बँकेत होता, तिला जरा मार्गदर्शन करा. मार्गदर्शन तिला नकोच होतं. ती पहिल्याच दिवशी म्हणाली, "मावशी, मला तक्ते वाचून दाखवा. बाकीचं माझं मी ऐकते."

ऐकते म्हणजे फोन आणि लॅपटॉप. लॅपटॉपवर एनव्हीडीए नावाचं फुकट सॉफ्टवेअर. ते २००६ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या दोन अंध तरुणांनी सुरू केलं. पडद्यावरचं सगळं ते बोलून दाखवतं. तिनं वेग इतका वाढवलेला असतो की मला एक अक्षर कळत नाही, नुसतं भाजणी दळल्यासारखं ऐकू येतं. तिला सगळं कळतं. पण स्कॅन केलेलं पान त्या सॉफ्टवेअरला नुसता फोटो दिसतो, आणि जुन्या प्रश्नपत्रिका, क्लासच्या नोट्स सगळ्या स्कॅन केलेल्या. तिथं माणूसच लागतो.

तक्ता वाचणं ही कला आहे. आधी सांगायचं: रांगा किती, रकाने किती. मग रकान्यांची नावं. मग प्रत्येक आकडा त्याच्या रकान्याच्या नावासकट, "सांगली, २०१९, गहू, चारशे वीस." नुसतं "चारशे वीस" म्हटलं की ती हात वर करते. वर्तुळाचा आलेख असेल तर घड्याळाच्या बारापासून सुरुवात आणि काट्याच्या दिशेनं. कंस आला की "कंस सुरू," "कंस बंद." बँकेत इतकी वर्षं मी हजारो तक्ते डोळ्यांखालून घातले, पण तक्ता म्हणजे नेमकं काय असतं ते मला तिच्यासमोर बसून कळलं.

आणि बैठकव्यवस्थेची कोडी! आठ माणसं गोल टेबलाभोवती, कोण कुणाच्या डावीकडं. ती समोर परात घेते. चिंचोका, सुपारी, एक रुपया, दोन रुपये, शर्टाचं बटण, मणी, काडेपेटीची काडी, अक्रोडाचं टरफल. प्रत्येकाला एकेक नाव. मी प्रश्न वाचते, तिची बोटं परातीवर फिरतात. "थांबा, म्हणजे सुपारी बटणाच्या समोर येणार, मग काडीला जागाच उरली नाही. तिसरं विधान परत वाचा." बहुतेक वेळा माझं कागदावर अर्धंही झालेलं नसतं.

कुणाला सांगितलं की ती अंध, मी पायानं अधू आणि आम्ही मिळून अभ्यास करतो, की समोरचा खूश होऊन ती आंधळ्या-लंगड्याची गोष्ट सांगतो. जत्रेला निघालेले दोघे, हा त्याच्या खांद्यावर. मी तिला ती सांगितली तर ती म्हणाली, "खांद्यावर घेणाऱ्याची कंबर दुखत नव्हती वाटतं."

*

तिच्या फोनमध्ये प्रांजल पाटील यांच्या मुलाखती साठवलेल्या आहेत. उल्हासनगरच्या, लहानपणीच दृष्टी गेलेल्या. यूपीएससी पास झाल्यावर रेल्वेतली नोकरी पूर्ण अंधत्वाचं कारण सांगून नाकारली गेली. पुन्हा परीक्षेला बसल्या, १२४ वा क्रमांक आला, आयएएस झाल्या. त्यांची गोष्ट लोक जिद्दीची म्हणून सांगतात. आमची ही पोरगी त्यातून तांत्रिक गोष्टी काढते: त्यांनी कुठलं सॉफ्टवेअर वापरलं, लेखनिक कसा तयार केला.

*

लेखनिक हा आता माझा दुसरा उद्योग झालाय. परीक्षेत तिला तासाला वीस मिनिटं जास्त मिळतात आणि प्रश्न वाचायला, उत्तरं लिहायला लेखनिक मिळतो. पण स्वतःचा लेखनिक न्यायचा तर त्याचं शिक्षण परीक्षेला लागणाऱ्या पात्रतेपेक्षा कमी हवं. म्हणजे पदवीच्या परीक्षेला बारावीचा. मी पदवीधर, त्यामुळं बाद. नियम बरोबर आहे, नाहीतर लेखनिकच पेपर सोडवेल.

पण बारावीच्या पोराला तक्ता वाचता येतो का? डोळ्यांनी येतो, तोंडानं येत नाही. तो भराभर आकडे म्हणून मोकळा होतो आणि उमेदवाराची जास्तीची मिनिटं "परत सांग, परत सांग" यातच जातात. म्हणून शनिवारी दुपारी गल्लीतली तीन-चार पोरं-पोरी माझ्याकडं येतात. त्यांना मी रांगा, रकाने, कंस शिकवते. त्यातला एक फार चुणचुणीत आहे, पण "वर्तुळ" म्हणताना दर वेळी हवेत बोटानं गोल काढून दाखवतो.

दुपारी दोन ते चार मी आडवी असते. चार ते साडेपाच ही माझी उरलेली सगळी ताकद, आणि ती इथं जाते. नंतर उठून कपबशाही विसळवत नाहीत. आमचे भाऊ म्हणतात, "अगं, एवढा पाय दुखतो तर कशाला?" घरात नुसती बसले तरी तो तेवढाच दुखतो, हे त्यांना एकदा तराजूत घालून दाखवायला पाहिजे.

*

काल जतकडून फोन. एका तरुणाचा थोरला भाऊ. धाकटा झाडावरून पडला, पाठीचा कणा मोडला, चार महिने झाले, कुणीतरी माझा नंबर दिला. "मॅडम, तो बोलतच नाही. भिंतीकडं तोंड करून पडतो. तुम्ही त्याला जरा जगण्याचा अर्थ वगैरे सांगा. तुमचं भाषण ऐकलंय आम्ही."

मी विचारलं, पाठीला, माकडहाडाजवळ जखम आहे का? होती, रुपयाएवढी. कूस किती वेळानं बदलता? "तो सांगेल तेव्हा." त्याला तिथं कळतच नाही, तो सांगणार कसा? मग मी लिहून घ्यायला लावलं: दर दोन तासांनी कूस, रात्रीसुद्धा, गजर लावून. बसवलं तर दर पंधरा-वीस मिनिटांनी हातांवर जोर देऊन बूड उचलायचं. रोज आरसा धरून कातडी बघायची. लघवीच्या वेळा ठरवायच्या, पाणी कमी करायचं नाही. जखम डॉक्टरांना याच आठवड्यात दाखवायची. अपंगत्वाच्या दाखल्यासाठी आधार आणि फोटो तयार ठेवायचे.

"आणि त्याच्याशी बोलणार ना?"

बोलेन म्हटलं, जखम भरल्यावर. तोवर पलूसला एक जण आहे, असाच झाडावरून पडलेला, आता मोबाइल दुरुस्तीचं दुकान चालवतो. त्याला विचारून त्याचा नंबर देते. त्याला फोन करायला तुम्ही बसू नका, धाकट्यालाच लावू दे.

"तो लावणार नाही मॅडम."

त्याचा मोबाइल बिघडलाय का, विचारलं. स्क्रीन फुटलीय, झाडावरून पडताना.

मग लावेल.